अक्का बोलतो

अक्कांना बोलायला फोन लागत नाही, असं आमच्या फौंड्रीत सगळेच म्हणायचे. ऑफिसच्या खिडकीत बसून त्या "हॅलो" म्हणाल्या, की मागं भट्टीजवळ काम करणारा माणूस मान वळवून बघायचा. कंपनीने दिलाय म्हणून फोन कानाला लावायचा, नाहीतर नुसती खिडकी उघडली तरी पलीकडच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल, असं आमचं ठाम मत होतं. बाहेरून आलेला फोन घेणं आणि तो खात्यातल्या योग्य माणसाला जोडून देणं, हे त्यांचं काम. पण जोडून देण्याआधीच त्या निम्मं भांडण मिटवून टाकायच्या, त्यामुळे पुढच्या माणसाला फारसं काही उरत नसे.

आमच्या कोल्हापूर भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना "मी आलो", "मी गेलतो" असंच म्हणतात. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नाही. पण पुण्या-मुंबईकडची गिऱ्हाइकं गोंधळात पडायची. अक्का फोन उचलायच्या आणि म्हणायच्या, "अक्का बोलतो." आवाज असा भरदार, त्यात हे "बोलतो". पुण्यातला एक खरेदीवाला तर कित्येक दिवस त्यांना "अक्का सर" म्हणत होता. अक्कांनी त्याची चूक कधीच दुरुस्त केली नाही. "सर म्हणतोय तर म्हणू दे की. म्याडम म्हटला असता तर ह्याच्यापरीस लौकर पैसं पाठवला असता व्हय?" हे त्यांचं त्यावरचं उत्तर.

दुसरी सवय म्हणजे अनोळखी माणूस कुणीही असो, तो पावणं. ट्रकवाला पावणं, बँकेतला साहेब पावणं, तपासणीला आलेला सरकारी अधिकारीही पावणं. "पावणं, जरा लायनीवर ऱ्हावा," असं त्या म्हणाल्या की माणूस मुकाट्याने थांबायचा. पाहुणा म्हटल्यावर रागवायची सोयच राहत नाही. आम्ही मात्र त्यांना खात्याच्या नावाने ठाऊक. मी माल तपासायच्या खात्यात होतो, म्हणून मी "क्वालिटी". माझं खरं नाव त्यांना माहीत आहे की नाही, याची मला बरीच वर्षं शंका होती.

मग मंदी आली. कारखान्यातल्या माणसाला मंदी पेपरात वाचावी लागत नाही, ती आधी कानाला कळते. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. हातोड्यांचा आवाज दुपारीच थांबायला लागला. ट्रॅक्टरचे सुटे भाग घेणाऱ्या कंपन्यांनी ऑर्डरी निम्म्यावर आणल्या होत्या. आमच्यात हे सगळ्यात आधी अक्कांनी ओळखलं. "क्वालिटी, फोन कमी वाजालाय रं," त्या एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या. शिव्या द्यायलासुद्धा कुणी फोन करत नाही, ही त्यांच्या मते फार वाईट खूण होती.

एका शनिवारी आम्हा दोघांनाही एकदमच ऑफिसात बोलावलं. मॅनेजर भला माणूस होता, टेबलावरच्या काचेकडे बघत बोलत होता. परिस्थिती बघताय, नाइलाज आहे, ऑर्डरी आल्या की पहिल्यांदा तुम्हालाच बोलावू, असं त्याने सांगितलं. अक्का शांतपणे उठल्या आणि म्हणाल्या, "बोलवायला फोन कोण करणार, सायेब? फोनवालीलाच काढलासा की." मॅनेजर बिचारा हसावं की रडावं अशा अवस्थेत उभा राहिला.

गेटबाहेरच्या टपरीवर त्यांनी चहा सांगितला. मला तिथून थेट शिवाजी पेठेतल्या घरी जाऊन तोंडावर पांघरूण ओढायचं होतं. घरी आई होती. त्यात माझ्या लग्नाची नुकतीच सुपारी फुटली होती आणि मुलीचे वडील असल्या बातम्या वाऱ्यावर हुंगणारे होते. अक्का म्हणाल्या, "सोमवारी पैल्या शिफ्टच्या टायमाला ये. डबा आण." मी विचारलं, "कुठं?" तर म्हणाल्या, "कामावर. काम हुडकायचं काम. आजपास्नं आपली ड्युटी ती." मी सांगितलं की आईने जोतिबाला गुलाल उधळायचा नवस बोललाय, सोमवारी तिकडं जावं म्हणतो. त्यावर त्या टपरीवरची सगळी गिऱ्हाइकं वळून बघतील अशा आवाजात म्हणाल्या, "जोतिबाचा वार रविवार. देवानं सुद्धा तुझा सोमवार मोकळा ठेवलाय की."

त्यांना स्वतःला कामाची गरज माझ्याहून जास्त होती, हे मला हळूहळू कळलं. अक्का मूळच्या जयसिंगपूरकडच्या, शेतकरी जैन घरातल्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला. त्यानंतर त्यांनी ही नोकरी धरली आणि आमच्या पेठेत एक खोली भाड्याने घेतली. त्या खोलीत एकटीने राहून आयुष्य काढलं. जयसिंगपुरात सख्खा भाऊ होता, अण्णा. चांगला माणूस. नोकरी गेल्याचं कळताच त्याचा फोन आला, "खोली सोड आन ये इकडं. आम्ही हाय की." अक्का त्याला "बघतो" म्हणाल्या. मला मात्र म्हणाल्या, "मी गेलो की वैनी इचारत्यात, साखर किती घालू? जवर त्या साखर इचारत्यात तवर मी त्या घरची पावणी. ऱ्हायलाच गेलो की इचारायचं बंद. मग मीच चुलीम्होरं." बोलताना त्या हसत होत्या, पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. खोली टिकवायची तर काम हवं, आणि पन्नाशी ओलांडलेल्या फोनवालीला हल्लीच्या मोबाइलच्या जमान्यात काम देणार कोण, हा सगळा प्रश्न होता.

पहिल्या सोमवारी मी एकट्यानेच शहाणपणा केला. एका कारखान्याच्या गेटवर जाऊन वॉचमनला विचारलं, "काम हाय का?" तो म्हणाला, "न्हाई." पुढच्या गेटवर तेच. त्याच्या पुढच्या गेटवर तर वॉचमनने मी तोंड उघडायच्या आधीच हात हलवला. अक्का रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हा तमाशा बघत होत्या. "काम हाय का म्हटल्यावर न्हाईच म्हणणार की. ह्या दिवसात दुसरं काय म्हणंल? असं इचारायचंच न्हाई," त्या म्हणाल्या. "मग काय इचारू?" "काय अडलंय, असं इचार. मंदीत काम नसतं, पर अडलेलं लई असतंय."

आणि गेटवर उमेदवार म्हणून जायचं नाही, पाहुणा म्हणून जायचं, हा त्यांचा दुसरा नियम. आधी ओळखीच्या आवाजाला फोन करायचा. जिल्ह्यातल्या बहुतेक कारखान्यांत कुणी ना कुणी असा होता, की ज्याने अक्कांचा चेहरा कधी पाहिला नव्हता पण आवाज ओळखला असता. "अक्का बोलतो. तिकडं आलोय, चहाला येतो," इतकंच म्हणायचं. आमच्याकडे चहाला येतो म्हणणाऱ्याला नको म्हणायची पद्धत नाही. आत गेलं की चहा पिताना माणूस आपसूक रडगाणं गातो, ते नीट ऐकायचं. कुठं जागा निघणार आहे, कोण सोडून चाललाय, कुठल्या खात्याचं घोडं पेंड खातंय, हे सगळं त्या कपात यायचं. मी मात्र मोबाइलवरून रोज माझी माहिती इकडेतिकडे पाठवत बसलो होतो आणि उत्तराची वाट बघत होतो.

ती माहिती एकदा त्यांनी वाचायला मागितली. वाचता वाचता थांबल्या. "मेहनती, प्रामाणिक, कोणतंही काम करण्यास तयार... हे काय बैलाचं वर्णन हाय व्हय रं?" असं म्हणून मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग विचारलं, फौंड्रीत तुझ्यामुळं काय वाचलं ते सांग. मी खूप आठवून सांगितलं, की एकदा ओतीव मालाच्या पोटात हवेची छिद्रं राहिली होती, ती मी माल गाडीत चढायच्या आधी पकडली होती आणि अख्खी गाडी परत यायची वाचली होती. "मग येवढंच लिही की," अक्का म्हणाल्या, "बाकीचं बैलाला ऱ्हाऊ दे."

त्यांची स्वतःची मुलाखत मात्र वेगळीच झाली. पुण्याच्या एका कंपनीला इथल्या शाखेसाठी फोन सांभाळणारा माणूस हवा होता. फोनवर बोलणं झालं आणि पलीकडचा पोरगा भलताच खूश झाला. ठरल्या दिवशी अक्का ठेवणीतली साडी नेसून गेल्या, मी बाहेर थांबलो. तो पोरगा त्यांच्या मागं दाराकडे बघत म्हणाला, "मिस्टर आले नाहीत का? फोनवर बोलले होते ते?" अक्का म्हणाल्या, "मिस्टर न्हाईत. मीच बोललो होतो." मग त्याने वय विचारलं, कॉम्प्युटर विचारला, आणि कळवतो म्हणाला. बाहेर आल्यावर त्यांनी हे सगळं मला नक्कल करून सांगितलं, मी पोट धरून हसलो. पण परतताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत गप्प बसल्या, आणि अक्का गप्प म्हणजे काय ते आमच्या फौंड्रीत कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. पेठेत उतरल्यावर फक्त म्हणाल्या, "उद्या डबा जरा मोठा आण. लांब जायचंय."

लांब म्हणजे हायवेच्या पलीकडचा एक मशीन शॉप. फौंड्रीतून आलेला ओतीव माल तिथे मशीनवर घासून-पुसून नेमका करत. मालकाने चहाला या म्हटलं होतं, पण आम्ही पोचलो तेव्हा केबिनमध्ये कुणा गिऱ्हाइकाशी त्याचा मोठा वाद चालला होता, म्हणून आम्ही केबिनबाहेर, टायपिंग करणाऱ्या एका मुलीच्या टेबलासमोरच्या बाकावर बसलो. दुपार गेली, ऊन कलंडलं, तरी दार उघडेना. मी दोनदा म्हटलं, अक्का, उद्या येऊ. त्या हलल्या नाहीत. मात्र अक्का खिडकीकडे सारख्या बघत होत्या, कारण दिवस मावळल्यावर त्या अन्नाचा कण तोंडात घालत नसत. घरचं लहानपणापासूनचं व्रत होतं ते. शेवटी त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि तिथेच, त्या बाकावर, सोडला. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगांची चटणी. एक भाकरी माझ्या हातावर ठेवली, दुसरी त्या मुलीला देऊ केली. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरी मागायला आलेली माणसं साहेबाच्या दारात जेवायला बसली आहेत, हे दृश्य मी कुठं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. मालक बाहेर आला आणि जागेवरच थबकला. मला वाटलं, आता हाकलणार. पण तो अस्सल कोल्हापुरी निघाला. "अरं अरं, हे काय म्हणायचं पावणं?" तो कळवळून ओरडला. "माझ्या दारात येऊन स्वतःचा डबा खाता व्हय? लोकं काय म्हणतील मला!" अक्का शांतपणे म्हणाल्या, "दिस मावळायच्या आत खायाचं असतंय आम्हाला. तुमचं चालू द्या निवांत. काय अडलंय येवढं, आवाज बाहेरपतोर येत होता?" शरमिंदा झालेला यजमान काहीही सांगतो. त्याने आम्हाला आत नेलं आणि भडाभडा बोलत सुटला. माल मशीनवर चढवायचा, निम्मं काम व्हायचं आणि पोटातलं छिद्र उघडं पडायचं. फौंड्रीवाला म्हणायचा मशीनची चूक, गिऱ्हाईक म्हणायचं तुमची चूक. अक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला खांद्याला धरून पुढं ढकललं. "ह्यो बघा. तुमचं अडलेलं ह्योच काढतोय. सांग की रं, गाडी कशी वाचवलीस ते."

मी सांगितलं. मालकाने मला उद्यापासून यायला सांगितलं, माल आत घेतानाच तपासून घ्यायच्या कामावर. मग तो अक्कांकडे वळला आणि ओशाळून म्हणाला, "तुमच्याजोगं मात्र माझ्याकडं काय न्हाई हो." त्या म्हणाल्या, "न्हाई तर न्हाई. चहा तर हाय का न्हाई?" आणि दिवस मावळायला अजून थोडा अवकाश आहे असं खिडकीतून बघून त्यांनी तो चहा प्यायला.

रस्त्याला लागलो. जागा एक होती आणि ती मला मिळाली होती. मी कसाबसा म्हणालो, "अक्का, आता तुमचं?" त्या म्हणाल्या, "माझं हुईल. तू उद्या टायमावर जा, तम्मा." कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, त्यांच्या सीमेकडच्या गावात सर्रास चालतं. मी इतकी वर्षं क्वालिटी होतो, त्या संध्याकाळी पहिल्यांदा तम्मा झालो. आज एवढी माणसं मला नावाने हाक मारतात, पण कुणाच्या हाकेने मला तसं भरून आलेलं नाही.

त्यानंतर त्या एकट्याच पहिल्या शिफ्टच्या वेळेला घराबाहेर पडत राहिल्या. माझं लग्न ठरल्याप्रमाणे झालं, सासरे एकाएकी प्रेमळ झाले. अक्कांना मात्र जागोजागी चहा मिळत होता आणि काम मिळत नव्हतं. गणपती गेले, दसरा गेला. एका सकाळी त्या आमच्या दारात आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "ह्या महिन्याअखेरीला खोली सोडतो. अण्णाला सांगून येतो जाऊन." आईने आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. तो आवाज आमच्या शेजारच्या घरातसुद्धा पोचला नसेल.

त्या जयसिंगपूरला गेल्या तेव्हा अण्णाच्या विहिरीवरची मोटार जळलेली होती. मोटार विकणारा दुकानदार फोन उचलत नाही म्हणून अण्णा वैतागला होता. अक्का म्हणाल्या, मी बघून येतो. खोली सोडून इकडे येतो, हे घरी बसून सांगायचं त्या टाळत असाव्यात, असं मला वाटतं. दुकानात गेल्या तर टेबलावर फोन वाजतोय आणि कुणी घेत नाही. दुकानाचा व्याप वाढला होता, तालुकाभरातले शेतकरी तक्रारीसाठी फोन करत, आणि फोनवर बसवलेली शिकली-सवरलेली मुलं शिव्या ऐकून एकेक करून सोडून गेली होती. मालक काउंटरवर गिऱ्हाइकात अडकला होता. फोन वाजत राहिला. वाजणारा फोन न उचलता बसणं अक्कांच्याने आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी हात लांब करून तो उचलला. "अक्का बोलतो. व्हय पावणं, पाणी न्हाई म्हणून ओरडायलासा, ओरडा की, ओरडा. झालं? आता सांगा, काय अडलंय?" दुकानातलं सगळं बोलणं थांबलं. त्यानंतर पुन्हा फोन वाजला, तो मालकाने स्वतः त्यांच्यापुढे सरकवला.

संध्याकाळी अण्णाकडे त्या परत आल्या त्या खोली सोडायची गोष्ट सांगायलाच. पेठेतली खोली सोडायचीच होती, पण जयसिंगपुरातच, काम मिळालं त्या दुकानाजवळ, दुसरी बघायची होती. अण्णा फार चिडला. सख्खा भाऊ गावात असताना बहीण भाड्याने राहणार, लोक तोंडात शेण घालतील, म्हणाला. त्यांच्यात काय बोलणं झालं ते अक्कांनी मला कधी सांगितलं नाही. आमच्या पेठेतून त्यांचं सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. टेम्पो निघताना त्या ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या होत्या आणि त्याला म्हणत होत्या, "पावणं, हॉर्न वाजवू नका, मी हाय की." टेम्पो वळून गेल्यावर आमची गल्ली इतकी शांत झाली की आई दारातून आत गेली आणि डोळे पुसत भांडी घासायला बसली.

मागच्या उन्हाळ्यात मी बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. रविवार होता. एक खोली, एक कॉट, एक खुर्ची, कपाटावर नवा कोरा पंखा. त्या सगळ्याकडे हात फिरवून अक्कांनी माझ्या बायकोला घर दाखवलं, तेही वाडा दाखवावा अशा थाटात. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात दारात कुणीतरी उभं असल्याचं लक्षात आलं. अण्णा होता. हातात आंब्याची पिशवी. अक्का इथे राहायला आल्यापासून त्याने या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, हे मला माहीत होतं. चपला काढाव्यात की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं.

मी खुर्चीवरून उठलो. अक्का म्हणाल्या, "या की पावणं. भाईर काय हुभं ऱ्हायलासा?" अण्णाने चपला काढल्या, आत आला आणि खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसला. अक्का आमच्याकडे पाठ करून स्टोव्ह पेटवत होत्या, त्यांना बराच वेळ लागला. आणि मग त्यांनी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात, विचारलं, "अण्णा, साखर किती घालू?"